स्टोअरचा हिशेब आणि कामगार



व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले तेव्हा मी प्रथम नाही म्हणालो. या व्यासपीठावर शिकलेली माणसे बोलतात. माझे शिक्षण रात्रशाळेत दहावीपर्यंत झाले. पुढचे वाचन नगर वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीतल्या बाकावर. चालक म्हणाले, "चळवळीवर बोला." चळवळीवर मी केव्हाही बोलेन, त्यासाठी वसंत ऋतूची वाट पाहावी लागत नाही. परंतु गेली काही वर्षे माझ्यापुढे जी प्रकरणे येतात त्यांत एक नवी गोष्ट शिरली आहे, आणि ती पगारवाढ, बोनस, कायम नोकरी या आमच्या जुन्या शब्दांत बसत नाही. ती म्हणजे कारखान्याची खरेदी, साठा आणि अहवाल सांभाळणारे सॉफ्टवेअर. विषय रुक्ष आहे, हे मी आधीच कबूल करतो. पण त्यात एका माणसाची अब्रू अडकली होती, एवढे सांगितले तर आपण थोडा वेळ ऐकून घ्याल असे वाटते.

हे सॉफ्टवेअर करते काय, ते आधी सांगतो. कारखान्यात एखाद्या खात्याला वस्तू लागली की ते मागणी लिहिते. खरेदी विभाग पुरवठादाराला, म्हणजे आमच्या बोलीत 'पार्टी'ला, परचेस ऑर्डर देतो. माल फाटकावर येतो, चलन पाहून नोंद होते. स्टोअरकीपर तो मोजून घेतो आणि माल मिळाल्याची पावती करतो; तिला सगळे जीआरएन म्हणतात. मग बिल येते, आणि हिशेबखाते ऑर्डर, पावती व बिल ही तीन कागदे एकमेकांशी ताडून पाहून पैसे देते. इकडे स्टोअरमधून चिठ्ठीवर माल खात्यांत जातो, आणि प्रत्येक खणाला टांगलेल्या बिन कार्डावर आवक, जावक, शिल्लक लिहिली जाते. पूर्वी हे सारे निरनिराळ्या वह्यांत, निरनिराळ्या माणसांच्या अक्षरांत होते. आता पावतीची नोंद एकदा केली की साठा वाढतो, पार्टीच्या नावे देणे चढते, आणि वरच्या मजल्यावर साहेबांच्या टेबलावर अहवाल दिसतो. साठा ठरावीक मर्यादेखाली गेला की यंत्र स्वतःच खरेदी सुचवते.

ही सोय चांगली आहे. मी स्वतः सतराव्या वर्षी एका स्टोअरमध्ये मदतनीस म्हणून लागलो होतो. एक बेअरिंग शोधण्यात अर्धी पाळी गेलेली मी पाहिली आहे. शेवटी ते बाजारातून नवे आणले, आणि दिवाळीच्या साफसफाईत तसलीच तीन मागच्या रॅकवर गोणपाटाखाली सापडली. वह्यांच्या काळात सगळे सचोटीचे होते असे जे म्हणतात त्यांनी त्या वह्या पाहिलेल्या नाहीत. खाडाखोड होती, पाने फाडलेली होती, आणि अक्षर न लागल्यामुळे 'सात' चे 'नऊ' झालेले मी वाचले आहेत.

हिशेबाची ही रीत जुनी आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या पाद्र्याने दुहेरी नोंदीची पद्धत ग्रंथात छापली, आणि व्यापाऱ्याला पहिले काम सांगितले ते आपल्याजवळच्या सर्व मालमत्तेची यादी करण्याचे. आपल्याकडे कीर्द आणि खतावणी होतीच. १९७२ साली जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच इंजिनियरांनी सॅप ही कंपनी काढली. मोठ्या कारखान्यांत आज पुष्कळ ठिकाणी त्यांचे सॉफ्टवेअर असते. १९८६ साली बंगळूरच्या गोएंका पितापुत्रांनी जे काम सुरू केले त्यातून टॅली निघाले, आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर ज्यांच्या टेबलावर तोवर फक्त कॅलक्युलेटर होता अशा वर्कशॉपवाल्यांनाही असले काहीतरी घेणे भाग पडले. मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट तर मुक्त स्वरूपाचे आहे. त्याची आतली रचना कोणालाही पाहता येते. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

आम्ही युनियनवाल्यांनी एके काळी संगणकाला विरोध केला, हे आपल्याला ठाऊक आहे. बँकांत तर १९८३ साली यांत्रिकीकरणावर रीतसर करार करावा लागला. तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर मुख्य प्रश्न हा होता की, माणसे किती कमी होणार. तो प्रश्न खोटा नव्हता. पण त्या भरात दुसरा एक प्रश्न आम्ही विचारलाच नाही: यंत्रातली नोंद आणि फडताळातला माल यांत फरक निघाला, तर तो कोणाच्या अंगावर जाणार?

याचे उत्तर मला २०१९ साली मिळाले. कोल्हापूरच्या बाजूचा एक कारखाना. नाव सांगत नाही, कारण पुढे तेथे समजुतीने करार झाला आहे. तेथे लेथवर आणि मिलिंगवर कार्बाईडचे इन्सर्ट वापरतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही शेंगदाण्याएवढी कठीण टिप असते, हत्याराच्या टोकाला स्क्रूने बसवायची, आणि तिने लोखंड कापायचे. किंमत तीनशे रुपयांच्या आसपास. खिशात शंभर मावतील, आणि भंगारबाजारात कार्बाईडला भाव आहे. म्हणजे चोरीचा संशय घ्यायला याहून सोयीची वस्तू नाही.

जून महिन्यात एका रात्रपाळीला दोन मशीने टिप नाही म्हणून थांबली. सकाळी साहेबांनी संगणक उघडला, तर साठा हजारोंनी दिसत होता. म्हणूनच यंत्राने खरेदी सुचवली नव्हती. फडताळात मात्र मोकळे डबे. मोजदाद झाली. ३६०० नग कमी. शेवटच्या खरेदीचा दर २८० रुपये. म्हणजे १० लाख ८ हजार रुपयांचा माल गहाळ. स्टोअरकीपर अठरा वर्षांच्या नोकरीचा माणूस. दुपारी त्याला निलंबनाचा कागद मिळाला, आणि संध्याकाळपर्यंत गावात बातमी पोचली की अमक्याने कारखान्याला दहा लाखांना बुडवले. त्याची मुलगी तेव्हा लग्नाची होती. अधिक सांगत नाही.

तो माझ्याकडे आला तेव्हा माझ्याही मनात क्षणभर तेच आले, हे मी लपवणार नाही. छापील कागदावर आकडा असला की आपली मान आपोआप डोलते. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात निरक्षर शेतकऱ्याला कागदपत्रांत कसे गुंतवले जाते ते सांगितले आहे. मी ते पुस्तक तीन वेळा वाचले होते, आणि तरी तो कागद पाहून क्षणभर फसलो.

चौकशीत आम्ही एकच मागणी धरून बसलो. शिल्लक किती ते नको. त्या एका वस्तूचे पूर्ण खाते द्या, पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत, दरासकट. सॉफ्टवेअरमध्ये ते दोन मिनिटांत निघते. आम्हाला मिळायला अकरा दिवस लागले. मी आणि आमचा एक टर्नर रात्री कचेरीत बसून ओळ न् ओळ वाचू लागलो. आवक २०० नग, दर २८०. आवक ३०० नग, दर २८०. आणि एप्रिल महिन्यात एक ओळ आली: आवक ४००० नग, दर २८.

टर्नर म्हणाला, "दादा, अठ्ठावीस रुपयांत टिप नाही, टिपेचा डबासुद्धा येत नाही."

घडले होते ते असे. इन्सर्ट दहा-दहाच्या डबीत येतात. सॉफ्टवेअरमध्ये या वस्तूचे खरेदीचे माप 'डबी' आणि साठ्याचे माप 'नग' असे धरलेले होते, एक डबी म्हणजे दहा नग. पार्टीने मात्र बिल नगांवर केले: ४०० नग, दर २८०, एकूण १ लाख १२ हजार. ज्याने नोंद केली त्याने बिलावरचे ४०० जसेच्या तसे लिहिले. पण ते पडले डबीच्या रकान्यात. रक्कम तीच, १ लाख १२ हजार. त्यामुळे हिशेबखात्याला काही खटकले नाही, पार्टीला पैसे बरोबर मिळाले, कराचा आकडाही बरोबर. साठा तेवढा चारशेऐवजी चार हजारांनी वाढला. ३६०० टिपा कारखान्यात आल्याच नव्हत्या, मग त्या जाणार कोठून?

आपण विचाराल, मघाशी सांगितलेली ती तीन कागदांची ताडणी काय झाली? ऑर्डर जर चाळीस डब्यांची असती तर चारशेची पावती अडली असती. पण माल निकडीचा होता म्हणून तो फोनवर मागवला, आणि ऑर्डर मागाहून, बिल समोर ठेवून तयार केली. हे कारखान्याकारखान्यांत चालते. येथे बसलेल्या खरेदीवाल्यांनी माझ्याकडे पाहून हसू नये. म्हणजे तीन साक्षीदार म्हणून जे कागद उभे केले ते तिन्ही एकाच बिलावरून उतरवलेले होते.

आणि ती नोंद केली कोणी? नोंदीखाली नाव स्टोअरकीपरचे. आम्ही हजेरीपुस्तक मागवले. त्या दिवशी तो जोतिबाच्या चैत्र यात्रेला रजेवर होता. त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असे, कारण स्टोअरमध्ये नाव एकाचे आणि काम करणारे चौघे. त्यांतला एक ठेकेदाराचा, दोन महिन्यांसाठी आलेला पोरगा. त्याला डबी आणि नग यांतला फरक कोणी सांगितलेला नव्हता. तो पोरगा तोवर दुसरीकडे गेला होता, आणि त्याला दोष देण्याची आमची इच्छाही नव्हती.

निलंबन मागे घेतले, पगार भरून मिळाला. गावात मात्र त्याचे पत्रक निघत नाही. त्या माणसाने परत स्टोअरमध्ये बसायला नकार दिला. आता तो पॅकिंगमध्ये आहे.

हे एका गावचे झाले. ब्रिटनमध्ये जे घडले ते वाचल्यावर मला कळले की, आमचा माणूस थोडक्यात वाचला. तेथे खेड्यापाड्यांतली टपाल कचेरी पुष्कळदा दुकानाच्या एका कोपऱ्यात असते आणि दुकानदारच ती चालवतो. त्याला सबपोस्टमास्तर म्हणतात. १९९९ पासून या कचेऱ्यांत 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली बसवली गेली. रोकड, तिकिटे, सारा हिशेब तिच्यात. पडद्यावर तूट दिसू लागली. करार असा की तूट ज्याची त्याने भरायची. लोकांनी घर गहाण टाकून भरली. मदतीसाठी फोन केला तर सांगत की, असा त्रास दुसऱ्या कोणाला नाही, तुम्हालाच आहे. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक माणसांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली शिक्षा झाल्या. भारतीय वंशाची एक बाई २०१० साली गरोदर असताना तुरुंगात गेली. काहींनी जीव दिला.

मला त्यातले सर्वांत भयंकर वाटते ते "तुम्हालाच आहे" हे वाक्य. दुकान एकेकट्याचे, कचेरी एकेकट्याची, शेजारच्या गावात काय चालले आहे ते कळायला मार्ग नाही. २००९ साली अॅलन बेट्स आणि इतर काही जण एकत्र आले, तेव्हा प्रत्येकाला कळले की आपल्यासारखे शेकडो आहेत. शेवटी ५५५ जणांनी मिळून दावा लावला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ठरवले की त्या प्रणालीत दोष होते आणि तूट त्यांच्यामुळे दिसू शकत होती. दुकानदाराच्या अपरोक्ष त्याच्या हिशेबात दुरून फेरफार करता येत होता, हेही सिद्ध झाले; आणि हे शक्यच नाही असे पोस्टवाले वर्षानुवर्षे सांगत आले होते. एप्रिल २०२१ मध्ये एका दिवशी ३९ जणांच्या शिक्षा रद्द झाल्या, आणि मे २०२४ मध्ये संसदेला त्यासाठी खास कायदा करावा लागला. विलायतेच्या न्यायालयांत संगणक बरोबर चालतो असे गृहीत धरण्याचा प्रघात आहे; नाही म्हणणाऱ्याने दाखवून द्यायचे. सबपोस्टमास्तराने ते दाखवायचे कशाने?

आपल्याकडे कायदा याबाबतीत थोडा बरा आहे. न्यायालयात संगणकाचा कागद पुरावा म्हणून द्यायचा तर यंत्र त्या काळात नीट चालत होते अशा प्रमाणपत्राची अट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती कलम ६३ मध्ये आहे. पण कारखान्यातली खातेनिहाय चौकशी म्हणजे न्यायालय नव्हे, तेथे पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागत नाही, आणि आमच्या माणसाचे भवितव्य त्याच खोलीत ठरते. दुसरी एक तरतूद फार थोड्या कामगारांना माहीत आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा माग राहिला पाहिजे: काय बदलले, केव्हा बदलले, आणि तो माग बंद करता येता कामा नये. आणि मालाच्या नुकसानीबद्दल पगार कापायचा तर माल त्या माणसाच्या ताब्यात दिलेला असला पाहिजे, नुकसान त्याच्या हयगयीमुळेच झालेले असले पाहिजे, आणि आधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. १९३६ च्या वेतन कायद्यातला हा नियम, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेतही आहे. चौघांनी एकाच पासवर्डावर काम केले असेल, तर माल कोणाच्या ताब्यात होता, हे मालकाने सांगावे.

मालकांनाही या मापांनी दगा दिला आहे. जर्मनीच्या लिडल या दुकानसाखळीने सात वर्षे खपून एक नवी प्रणाली बसवायला घेतली आणि २०१८ साली काम सोडून दिले; बातम्यांत खर्चाचा आकडा सुमारे ५० कोटी युरो असा आला होता. अडचणींतली एक अशी की, कंपनी आपला साठा खरेदीच्या किमतीने धरी आणि सॉफ्टवेअर विक्रीच्या किमतीने. ५० कोटी युरोंचा मालक हिशेब सोडून घरी जाऊ शकतो. स्टोअरकीपरला ती सोय नाही.

आता थोडे स्वतःविषयी सांगतो, नाहीतर हा माणूस फक्त मालकांवरच बोलतो असे आपण म्हणाल. आमच्या कामगारांचे एक ग्राहक भांडार आहे. तेथे आम्ही ते मुंबईचे मुक्त सॉफ्टवेअर घेतले, आमच्यातल्याच एकाच्या मुलाने बसवून दिले. सहा महिन्यांनी अहवाल काढला, तर साखर ४० किलो कमी. विक्री झाली होती सत्तर पोत्यांची, म्हणजे ३५०० किलो. कमिटीची बैठक बसली. कमिटीत सगळे कामगार, आणि मी अध्यक्ष. पहिल्या पाच मिनिटांत आम्ही मालकाने विचारावे तसे विचारू लागलो: काउंटरवर कोण होते? किल्ली कोणाकडे असते? काउंटरवरचा मुलगा दाराशी उभा होता. त्याचा चेहरा पाहून मला तो इन्सर्टवाला आठवला, आणि मी बैठक थांबवली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी बसून विक्री पाहिली. पुडी काट्यावर ठेवायचा आणि किलो भरल्यावर आणखी चिमूटभर टाकायचा. गिऱ्हाइकाला झुकते माप द्यावे असे त्याच्या आजोबांनी, त्यांचेही दुकान होते, शिकवले होते. दहा ग्रॅम म्हणा. ३५०० पुड्यांना ३५ किलो. उरलेली साखर पोत्यांच्या शिवणीत आणि मुंग्यांत. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये 'तूट' असा वेगळा रकाना उघडला आणि दर महिन्याला ती लिहू लागलो. झुकते माप बंद करायचे की नाही यावर कमिटीत दोन तट पडले. ते अजून मिटलेले नाहीत.

त्या कारखान्यातल्या कराराविषयी सांगून संपवतो. पुष्कळ घासाघीस झाली. ठरले ते असे की, स्टोअरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाचे स्वतःचे नाव व पासवर्ड असेल, मग तो दोन महिन्यांचा का असेना. फरक निघाला तर आरोपपत्राआधी त्या वस्तूचे संपूर्ण खाते कामगाराला आणि युनियनच्या प्रतिनिधीला मिळेल. दर नेहमीपेक्षा फार वेगळा आला तर नोंद अडेल. हे सॉफ्टवेअरवाल्याने अर्ध्या दिवसात करून दिले, आणि ते आधीच का केले नव्हते असे विचारल्यावर म्हणाला, कोणी मागितले नाही. दर आठवड्याला थोड्या थोड्या वस्तूंची फिरती मोजणी स्टोअरकीपरच्या समक्ष होते, म्हणजे चूक आठवड्यात सापडते, वर्षाने नव्हे.

एक गोष्ट राहिली आहे. खात्यात खरेदीचे दर दाखवायला व्यवस्थापन तयार नाही. ते धंद्याचे गुपित आहे असे म्हणते. आता आम्हाला खाते मिळते ते दराचा रकाना झाकून. त्या रात्री टर्नरला चूक दिसली ती त्याच रकान्यात. पुढच्या महिन्यात याच मुद्द्यावर पुन्हा बैठक आहे, आणि तो टर्नर माझ्याबरोबर यायचा आहे.